तीन पात्यांचा चाकू खिशात कशाला?

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मागे आपण शाईच्या पेनांवर बोललो होतो, तेव्हा मी जाता जाता म्हणालो होतो की माझ्या उजव्या खिशात रुमालाबरोबर एक घडीचा चाकू असतो. त्यावर इतके निरोप आले की पेनं बाजूलाच राहिली. एका श्रोत्याने सरळ विचारलं, "तुम्ही कुठल्या गल्लीत राहता हो?" एका काकूंनी लिहिलं की त्यांचे वडील असा चाकू बाळगायचे आणि संत्री फक्त त्यानेच सोलायचे. म्हणजे एकाच वस्तूवर एकाला गल्लीतला दादा आठवला आणि दुसरीला संत्र्याचा वास. आज त्याबद्दलच बोलू.

आधी आमच्या आप्पांचा चाकू. आप्पा म्हणजे माझे आजोबा, सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांच्या कोटाच्या खिशात दोन पात्यांचा शेफील्डचा चाकू असायचा. हाडाची पिवळट मूठ, आणि पात्याच्या बुडाशी दोन बारीक खुणा, एक चांदणी आणि एक क्रूस. खूप वर्षांनी कळलं की ही जोसेफ रॉजर्स या शेफील्डच्या कारखान्याची खूण. हेच ते रॉजर्स, ज्यांनी १८२२ साली १८२२ पात्यांचा एक चाकू बनवला होता, निव्वळ आमची कारागिरी बघा म्हणून. त्यांचा माल इंग्रजी अमलात हिंदुस्थानात भरपूर यायचा आणि त्या खुणेची नक्कलही भरपूर व्हायची. त्यामुळे आप्पांचा चाकू अस्सल होता की नकली, मी छातीठोकपणे सांगणार नाही. धार मात्र अस्सल होती.

आप्पांचा एक नियम होता. ते म्हणायचे, मोठं पातं गावाचं, लहान पातं माझं. मोठ्या पात्याने सुतळी काप, आंबा काप, कुणाच्या चपलेचा अंगठा तासून दे, काहीही. लहान पातं फक्त बोरूसाठी आणि पेन्सिलीसाठी. मुलांचे बोरू तेच छाटून द्यायचे. टोक तिरकं उतरवायचं आणि मध्ये बारीकशी चीर द्यायची. ती चीर बोथट पात्याने दिली की बोरू फाटतो, मग शाई धरत नाही आणि अक्षर फुटतं. म्हणून एक पातं कशालाही लावायचं नाही, ते राखून ठेवायचं.

आता हे बघा, खिशातल्या चाकूला दोन, तीन, चार पाती का असतात याचं निम्मं उत्तर इथे आलं. आपल्याला वाटतं, जास्त पाती म्हणजे जास्त कामं. तसं नाहीये. बरेचदा काम तेच असतं, कापणं. पण सगळं एकाच पात्याने करत राहिलात तर ते कधीच नीट धारदार राहत नाही. पुठ्ठा धार खातो, प्लॅस्टिकची दोरी खाते, आणि मग ऐन वेळी टोमॅटोवरसुद्धा पातं घसरतं. इंग्रजीत अशा लहान चाकूला पेननाइफ म्हणतात ते याच कामामुळे. तिकडे पिसाची लेखणी होती, इकडे बोरू होता.

तो चाकू आप्पांकडून अण्णांकडे आला, म्हणजे माझ्या वडिलांकडे, आणि त्यांच्याकडून माझ्याकडे. आणि मी तो घालवला.

कसा, ते सांगतो, कारण त्यात दोष पूर्ण माझा आहे. कामासाठी विमानाने जायचं होतं. लॅपटॉपच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात चाकू राहून गेला. तपासणीच्या पट्ट्यावर बॅग अडकली, जवानाने कप्पा उघडायला सांगितला. माणूस अगदी सभ्य होता. म्हणाला, परत मागे जा आणि सामानात टाकून या, नाहीतर इथे पेटीत सोडा. सामानाचा काउंटर बंद झाला होता, विमान पंचवीस मिनिटांवर. पारदर्शक पेटी होती. आत नखं कापायची यंत्रं, कात्र्या, एक लिंबूपिळणीसुद्धा. त्यात मी आप्पांचा चाकू ठेवला. टाकला नाही, हात आत घालून ठेवला. जवानाने तेवढी मुभा दिली.

अण्णांना चार महिने सांगितलं नाही. शेवटी सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले, आणि मग विचारलं, "धार होती ना त्याला?" मी म्हटलं, होती, आदल्या रविवारीच लावली होती. "मग ठीक," म्हणाले, आणि पेपर उघडला. त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

पुढे माझी चूक नंबर दोन. बदली म्हणून मी ऑनलाइन एक आधुनिक चाकू मागवला. काळा, एका हाताने अंगठ्याने उघडणारा, उघडल्यावर खटक्याने पक्का बसणारा. अवजार म्हणून वाईट नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण कारखान्याच्या कँटीनमध्ये पेरू कापायला काढला आणि तो खट् असा आवाज झाला. समोरच्या टेबलावर बोलणं थांबलं. शेजारच्या मॅडमनी खुर्ची जराशी सरकवली. कुणी काही बोललं नाही, पण पेरू काही गोड लागला नाही मला.

आपल्याकडे चाकू म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो सिनेमातला रामपुरी. तोसुद्धा खटक्याचाच. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांनी केवढं कसब कमावलं, आणि पडद्यावर त्याचं काय झालं, तर तो आवाज म्हणजे खलनायक आला. त्या मॅडमनी खुर्ची सरकवली यात त्यांचं काहीच चुकलं नाही.

मग माझा मामेभाऊ अमेरिकेहून आला. त्याला ही सगळी कहाणी माहीत होती. त्याने तिकडच्या एका जुन्या बाजारातून घेतलेला चाकू पुढे केला आणि म्हणाला, "दादा, आधी एक नाणं दे." तिकडे रीत आहे, चाकू फुकट दिला तर मैत्री कापली जाते, म्हणून घेणाऱ्याने नाममात्र किंमत द्यायची. मी एक रुपया दिला. तो चाकू म्हणजे स्टॉकमन, आणि तोच आज माझ्या खिशात आहे.

स्टॉकमन हे कंपनीचं नाव नाही, घडणीचं नाव आहे, जसं आपण पैठणी किंवा इरकल म्हणतो तसं. गुरं पाळणाऱ्या अमेरिकन माणसासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही घडण रुळली. माझा केस या कंपनीचा आहे. १८८९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लिटल व्हॅलीत केस बंधू घोडागाडीच्या मागे माल ठेवून चाकू विकायचे. आता कारखाना पेनसिल्व्हेनियात ब्रॅडफर्डला आहे. मिटल्यावर चाकू जेमतेम नऊ सेंटिमीटर, वजन सत्तरेक ग्रॅम. खिशात असल्याचं विसरून जाता. (म्हणूनच विमानतळावर जाण्याआधी खिसे तपासा. माझ्यासारख्याने हे सांगावं म्हणजे...)

या कंपनीची एक गंमत सांगायलाच हवी. १९७० पासून त्यांनी पात्याच्या बुडावर नावाखाली टिंबं द्यायला सुरुवात केली. १९७० ला दहा टिंबं, मग दर वर्षी एक कमी. १९७९ ला एकच उरलं. मी भिंग घेऊन मोजली तर माझ्या चाकूवर सहा टिंबं. म्हणजे १९७४. माझं जन्मवर्ष! मामेभाऊ म्हणतो योगायोग. मला शंका आहे की तो बाजारात तासभर टिंबं मोजत बसला असणार.

तीन पाती. सगळ्यात लांब ते निमुळतं, पाठ टोकाकडे खोलगट उतरवलेली, टोक बारीक. हे रोजचं, आप्पांच्या भाषेत गावाचं. दुसरं पातं मेंढीच्या पायासारखं दिसतं म्हणून त्याचं नावही तेच, शीप्सफूट. धार सरळ रेषेत आणि पाठ वळून खाली धारेला मिळालेली, म्हणजे टोक नाहीच म्हणा ना. पुठ्ठा, कागद, केबलचं आवरण, पट्टी धरून सरळ रेघ कापणं, या सगळ्याला याच्यासारखं पातं नाही. टोक नसल्यामुळे आतल्या वस्तूला काही लागत नाही. मी देखभाल विभागात आहे, दिवसाला आठ-दहा खोकी उघडतो, त्यामुळे माझं निम्मं आयुष्य या पात्यावर चाललंय.

तिसरं पातं स्पे. बोथट गोल टोकाचं. हे मुळात वासरं खच्ची करायला. जनावराने लाथ झाडली, हात हलला, तरी टोक मांसात घुसू नये म्हणून ते गोल. पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला या पात्याचं काय काम? खरं सांगायचं तर काही नाही. काही लोक त्याने पावाला लोणी लावतात. मी ते राखून ठेवलंय, आप्पांच्या लहान पात्यासारखं. वस्तऱ्यासारखी धार आहे त्याला आणि ते फक्त पेन्सिलीसाठी. पेन्सिल दिवसाला एखादी होते, पण खिशात एक तरी पातं हमखास धारदार आहे याचं समाधान मोठं असतं बरं का.

आता आतलं यंत्र. तीन पाती, पण स्प्रिंगा दोनच. म्हणजे एका स्प्रिंगेला दोन पाती सांभाळावी लागतात, या टोकाला एक आणि त्या टोकाला एक. स्प्रिंग म्हणजे पाठीमागची पोलादी पट्टी. ती पात्याच्या बुडावर दाबून बसते. बूड चौकोनी घासलेलं असतं, त्यामुळे पातं पूर्ण उघडल्यावर आणि पूर्ण मिटल्यावर सपाट बाजू पट्टीला टेकते आणि पातं तिथे ठरतं. खटका नाही, कुलूप नाही. पात्याच्या पाठीवर जोर दिला की ते मिटतं. उघडायला दोन हात लागतात, कारण नखाच्या खाचेत नख घालून ओढावं लागतं. उघडण्याचा वेग वगैरे काही नाही. नखं नुकतीच कापली असतील तर मजाच.

लोक म्हणतात, मग हा असुरक्षितच ना? मिटला बोटावर तर? मिटतो. माझ्या डाव्या तर्जनीवर अजून वण आहे. दहा वर्षांचा असताना आप्पांच्या चाकूने नारळाचा डोळा फोडायला गेलो होतो. टोक खुपसलं, पातं मिटलं, टाके पडले. आप्पा तेव्हा रागावले नाहीत. म्हणाले, चाकू कापायला असतो, खुपसायला नाही, आणि हे तो स्वतः सांगतो. मला हे आता पटतं. धारेच्या दिशेने जोर दिला की पातं आपोआप उघडंच राहतं. खुपसलं, पिळलं, उचकटलं की ते मिटू बघतं. या चाकूने माणसाशी भांडणं हा तर निव्वळ वेडेपणा. पहिला जखमी आपणच.

आणि हेच बघणाऱ्याला न सांगता कळतं. कँटीनमध्ये मी स्टॉकमन काढतो. हाडाची तांबूस मूठ, नखाने पातं उघडायचं, तेवढ्यात समोरचा विचारतो, "काय, आजोबांचा का?" ज्या मॅडमनी खुर्ची सरकवली होती त्याच परवा कुणाच्या तरी वाढदिवसाला म्हणाल्या, "जरा तो तुमचा चाकू द्या हो, सुरी आणायला विसरलेत." लांबीने दोन्ही चाकू जवळजवळ सारखेच. कायद्यालाही हा फरक कुठे कुठे दिसतो. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानुसार तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू सार्वजनिक जागी कारणाशिवाय जवळ ठेवता येतो, पण खटक्याने पक्का होणारा चाकू या सवलतीत बसत नाही, असं तिथल्या न्यायालयांनी सांगितलंय.

आपल्याकडे शस्त्र कायद्याखालचे नियम ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांबद्दल बोलतात, आणि घरगुती, शेतीच्या, उद्योगाच्या वापराची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. पण एवढ्यावर निर्धास्त राहू नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला मनाई आदेश निघतात, त्यात चाकूही येतो. मी त्या दिवसांत चाकू घरी ठेवतो. मिरवणुकीत, मॅचला, मेट्रोला, कोर्टात, कधीच नेत नाही. पोलिसाशी पात्याच्या लांबीवर वाद घालायची हौस मला नाही.

निगा थोडक्यात. माझ्या चाकूची पाती जुन्या, गंजणाऱ्या पोलादाची आहेत. घरच्या विळीसारखीच. कैरी चिरली की विळी काळी पडते ना, तसंच हे पातं लिंबा-कैरीने निळसर करडं होतं. ते होऊ द्या, तो रंग तांबड्या गंजाला थोडा अडवतोच. पावसाळ्यात मात्र रोज पुसायचा आणि सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. गोडेतेल घालू नका, ते चिकट होतं आणि मग पातं नखासकट हट्ट करतं. धारेला गावाकडे निसणा म्हणायचे तो दगड पुरे. सायकलवरच्या धारवाल्याकडे विळी-कात्री जरूर द्या, पण हा चाकू त्याच्या फिरत्या चाकावर नको, एवढंसं पातं दोन मिनिटांत अर्धं होईल. आणि हो, तीन पात्यांमध्ये खिशातला कचरा इतका साचतो की विचारू नका. मागच्या महिन्यात बडीशेप निघाली.

आता घरातला वाद, ज्यासाठी खरं तर हा भाग करतोय.

माझी लेक बारा वर्षांची आहे. दिवाळीआधी तिने जाहीर केलं की यंदा कंदील विकत आणायचा नाही, ती स्वतः करणार, बांबूच्या कामट्यांचा, आणि त्यासाठी तिला तिचा चाकू हवा. माझा मागून घेतलेला नाही, तिचा. आई, म्हणजे तिची आजी, लगेच म्हणाली, "पोरीच्या हातात चाकू कशाला देतोस?" मी म्हटलं, अगं, तू आठव्या वर्षी विळीवर बसत होतीस. तर म्हणाली, "विळी घरात राहते. ती खिशातून शाळेत जात नाही." आता याला उत्तर नाही. आजही नाही. नियम ठरला, चाकू घराबाहेर जाणार नाही, शाळेच्या दप्तरात तर नाहीच.

मग म्हटलं माझा स्टॉकमन दाखवू. आईने मुठीला हात लावून विचारलं, "हे कसलं आहे?" खोटं बोलणं जमलं नाही. गुराच्या नळीचं हाड आहे म्हटलं. तिने हात धुतले. तेव्हापासून तो चाकू देवाच्या फळांना आणि ओट्याला वर्ज्य आहे. मला त्यात गैर वाटत नाही, घर तिचंही आहे.

म्हणून लेकीसाठी स्विस चाकू आणला, अ‍ॅल्युमिनियमच्या मुठीचा. लाल प्लॅस्टिकचा सगळ्यांना माहीत असतो, हा त्याचा साधा भाऊ. हा घाटही सैनिकाच्या चाकूवरूनच आला. स्वित्झर्लंडमधल्या इबाखच्या कार्ल एल्सनरने १८९१ मध्ये तिथल्या सैन्याला चाकू द्यायला सुरुवात केली. बंदूक खोलायचा पेचकस आणि जेवणाचे डबे फोडायची सोय, ही त्या चाकूमागची गरज. मग १८९७ मध्ये त्याने त्याच स्प्रिंगांचा उपयोग करून पाठीच्या बाजूलाही अवजारं बसवली, आणि तो चाकू जगभर गेला. अ‍ॅल्युमिनियमच्या मुठीचा सैनिकी चाकू १९६१ ते २००८ तिकडच्या सैन्यात होता. लेकीच्या चाकूत एक पातं, डबाफोडणी, बाटली उघडणी, आणि चांभाराकडे असते तशी आरी. खरं सांगू? नव्याने घेणाऱ्याला मी हाच घ्या म्हणेन. स्टॉकमन हे माझं प्रेम आहे, पण हा गंजत नाही आणि कंदिलाला भोकं पाडायला स्टॉकमनमध्ये काहीच नाही.

द्यायची वेळ आली तेव्हा मी लेकीकडे एक रुपया मागितला आणि चाकू तिच्या हातात ठेवणार, तेवढ्यात आई म्हणाली, "हातात देऊ नकोस. खाली ठेव, ती उचलेल." धारेची वस्तू हातोहात द्यायची नाही, भांडण होतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तिकडे नाणं, इकडे जमीन. पण अवजार शिकवायला याहून चांगली सुरुवात मला तरी सुचली नसती. एकाने पूर्ण सोडायचं, मग दुसऱ्याने पूर्ण धरायचं. मी चाकू टेबलावर ठेवला.

पहिल्या दिवशी तिने अंगठ्याला बारीकसं कापून घेतलंच. कामटी मांडीवर धरून स्वतःकडे तासत होती. मी बघत होतो आणि मला मध्ये पडायला दोन सेकंद उशीर झाला. त्या दोन सेकंदांबद्दल घरात मला बरंच ऐकावं लागलं, आणि ते योग्यच होतं. हळद लावली, पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच कामटी पाटावर टेकवून, धार बाहेरच्या बाजूला ठेवून बसली.

कंदील झाला. एक बाजू दुसरीपेक्षा तीन बोटं मोठी आहे, त्यामुळे वाऱ्यात तो तिरका फिरतो. मध्यंतरी कुरिअरने आईच्या गुडघ्याचा पट्टा आला, चिकटपट्टीने आवळलेला. आईने कात्री शोधली, मिळाली नाही. मग लेकीला हाक मारली, "अगं, तुझा तो चाकू आण बघू." ती धावत घेऊन आली आणि द्यायला हात पुढे केला.

"खाली ठेव," आई म्हणाली.

बरं, पुढच्या भागात अडकित्ता. तुमच्याकडे जुना असेल तर त्याचा फोटो आणि तो कुणाचा होता तेवढं नक्की कळवा. येतो.